डोहाळजेवणाला वेष्ट्या

माझ्या बायकोच्या, मीनाक्षीच्या, डोहाळजेवणाला मी पुरुषांसाठी वेष्ट्या, म्हणजे तमिळ पद्धतीची जरीकाठी धोतरं, आणल्या, आणि आणल्या तेव्हा मला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं.

मी मूळचा सांगलीचा. नोकरी चेन्नईत गिंडीला, घर तिथेच अड्यारला आणि सासर तंजावरी मराठी. सासूबाईंचा दंडक असा की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीतच लिहायचं! त्यामुळे सगळे उत्साहानं मराठी लिहितात. इतकं, की आमंत्रणाला कोण हो म्हणालं ते शोधता शोधता मीनाक्षीचा अंगठा दुखायला लागला.

"तूच बघ रे कोण येतंय ते," ती म्हणाली. "आणि रिटर्न गिफ्टही आण."

"अंगठा कशाला दुखवायचा? ग्रेप आहे की!"

"द्राक्षं?"

(ग्रेप ही संगणकाला द्यायची आज्ञा. फाइलीतल्या हव्या त्या शब्दाच्या ओळी ती वेचून देते. हे मी तिला सविस्तर समजावलं. ती झोपली.)

मी ग्रुपवरच्या गप्पा फाइलीत उतरवल्या, 'येतो' हा शब्द शोधायला सांगितला आणि दुसऱ्या आज्ञेनं प्रत्येक ओळीतलं नाव तेवढं कापून घेतलं. ओळी वाचायच्या कशाला? वाचायचंच असतं तर संगणक कशाला हवा!

नावं आली ती झाडून पुरुषांची. मला भरून आलं. काय ही पुढारलेली मंडळी!

"वळैकाप्पाला वेष्टी, सर?" दुकानदारानं दोनदा विचारलं. इकडच्या डोहाळजेवणाला, म्हणजे बांगड्या भरायच्या समारंभाला, कुणी वेष्टी देत नाही, हे तो बिचारा सुचवत होता. मी त्याला मागासलेला समजून हसलो!

कार्यक्रमाच्या दिवशी दार उघडलं तर बायका. मागे बायका. जिन्यात बायका!

"रघूमामा कुठेत?" मी मामींना विचारलं. "ते येतो म्हणाले होते ना?"

"कधी?"

मीनाक्षीनं फोन काढून मोठ्यानं वाचलं. "रघूमामा: 'पाण्याचा टँकर आला, येतो.' सुंदरकाका: 'मेट्रोच्या खोदकामाचा फार आवाज येतो.' गोपूदादा: 'तुमच्या जावयाचा मला राग येतो.'"

"आणि आम्ही सगळ्यांनी 'येते' लिहिलं होतं!" मामी म्हणाल्या.

"अय्यो, माप्पिळ्ळै!" सासूबाईंनी जावयाच्या नावानं कपाळाला हात लावला. मी मान खाली घालून वेष्ट्यांचा ढीग पुढे केला. आणि मामींनी जरीचा काठ चाचपला!

"बायकांच्या कार्यात नवऱ्यांची आठवण ठेवणारा हा पहिलाच हो!"

पाहता पाहता ढीग संपला. संध्याकाळी गोपूदादाचा फोन आला. त्याचा राग गेला होता.

पुढच्या महिन्यात मेहुणीचं डोहाळजेवण झालं. संगणकाला हात न लावायच्या अटीवर मला केळीची पानं मांडायचं काम मिळालं. ते मात्र मी चोख केलं. पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा, हे मला अख्खी पंगत उठून उभी राहिल्यावर कळलं!