दोन हात काळी पट्टी

हिंगोलीला गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मनमाडहून पूर्णेपर्यंत बसायला जागा मिळाली. पूर्णेला गाडी बदलल्यावर मात्र कापसाच्या एका गाठोड्यावरच बसावं लागलं. स्टेशनबाहेर चहा घेतला आणि आखाडा बाळापूरची एसटी धरली. तिथे एका फिरत्या टॉकीजचा तंबू लागला होता, आणि त्या तंबूत माझ्या धाकट्या भावाचं गाणं होतं.

मधू मुंबईत चित्रपटाच्या पट्ट्या जोडायचं काम करत असे. संक्रांतीनंतर तो गेला. त्यानं एकट्यानं, स्वतःच्या अकलेनं जोडलेलं गाणं एकच होतं. चित्रपट पडला. त्याची शेवटची प्रत मराठवाड्यात फिरते आहे आणि बाळापूरनंतर ती मोडीत जाणार आहे, असं मला वितरकाच्या कारकुनानं कळवलं होतं. अंथरुणावर असताना मधू म्हणाला होता, "दादा, त्या गाण्यातला बगळ्यांचा जोड तेवढा पडद्यावर बघून ये." त्या गाण्यात दोन-तीन शब्दांच्या एका ओळीला नटीचे ओठ मागे पडले होते. पुन्हा चित्रण करायची सोय नव्हती. तेव्हा मधूनं ती ओळ सुरू होताच शेतातून उडणारे बगळे घातले, आणि ओठ पुन्हा जुळले तिथे नटीला परत आणलं.

प्रवासात डोळा लागला आणि बाळापूर मागे पडलं. वारंगा फाट्यावर कंडक्टरनं उठवलं. तिथून हळदीच्या पोत्यांच्या ट्रकमध्ये बसून उलटा आलो. उतरलो तेव्हा माझा सदरा खांद्यापर्यंत पिवळा झाला होता.

तंबू बाजाराच्या पलीकडे, पडीक रानात होता. दाराशी एक बाई शेंगा निवडत बसली होती. ही गयाबाई. बायकांच्या बाजूची तिकिटं आणि शिस्त दोन्ही तिच्याकडे. तिनं मला खालीवर पाहिलं.

"हळद लागली जनू. नवरी कुठं हाय?"

मी पुण्याहून एका गाण्यासाठी आल्याचं सांगितलं.

"पुन्याहून? काहून (कशाला)? तिकडं गाणी न्हाईत व्हय?"

ते गाणं माझ्या भावानं जोडलं होतं आणि आता तो नाही, हे सांगितल्यावर तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "लेकरं किती?" "लग्न झालं नव्हतं." ती उठली. आत जाऊन भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची तिखट आमटी) घेऊन आली. माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली आणि मग म्हणाली, "एक इचारू? ती बाई कडव्याकडव्याला लुगडं बदलते. तिचं धुनं कोन धुतं?"

मला हसू आलं. मधूकडून शिकलेलं सगळं मी तिला सांगितलं. गाणं आधी कुणी दुसरीच गाऊन ठेवते. चित्रण करताना ते भोंग्यावर लावतात आणि नटी नुसते ओठ हलवते. ध्रुवपदाला सगळा डोंगर आणि मागे नाचणाऱ्या सोळा जणी दिसतात, कडव्याला नुसता चेहरा. मध्ये वाद्यं वाजतात तेवढ्यात लुगडं आणि गाव दोन्ही बदलून घेतात. आणि नायक फार जवळ आला की फूल हलताना दाखवतात.

"म्हनूनच," गयाबाई म्हणाली. "एवढा डोंगर चढून गाते अन् धाप न्हाई लागत. मला वाटलं, तूप खात असंल."

मागे बाजेवर करीमचाचा रिळं गुंडाळत होते. तीस वर्षं मशीन चालवणारा माणूस. माझं काम ऐकून त्यांनी हातातलं रीळ खाली ठेवलं.

"भाईसाब, एक दिवस उशीर केला. कालच्या खेळात ते गाणं फाटलं. बराबर बगळ्यांवर."

मशीनच्या दात्यांत बसणारी पट्टीच्या कडेची भोकं दोन हातभर उसवली होती. चाचांच्या धंद्यात माप हाताचंच. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात पट्टी म्हणजे पडद्यावर एक सेकंद. "बोलणं फाटलं तर तेवढं काढून फेकतो," ते म्हणाले. "गाणं फाटलं तर न्हाई. जेवढं फाटलं तेवढीच काळी पट्टी लावतो. चित्र न्हाई, आवाज न्हाई, पण ठेका चुकत न्हाई. पब्लिक टाळी धरून राहते."

"मागल्या साली ह्यांनी माझ्या मालकाला मापायला लावलं," गयाबाई म्हणाली. "त्याचा हात ह्यो एवढा लांब. लोकांची टाळी पडून जायची अन् गानं मागून यायचं, सासरला निघाल्यावानी."

चाचा हसले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमच्यासाठी भोकं चिकटवून एक डाव चालवू शकतो. निघालं तर दिसंल. अटकलं तर दिव्यापुढं जळंल, मंग पुढचं गाणंही गेलं. बोला."

फाटकी पट्टी मी उन्हात धरली. नखाएवढ्या चौकटींत नटीचं तोंड, तोंड, तोंड, आणि मग बगळे. पडद्यावर ते उडणार नव्हते. एवढ्या लांब त्यासाठीच आलो होतो. पण मधूनंच मला सांगितलं होतं की चित्र चुकलेलं लोक माफ करतात, ताल चुकलेला करत नाहीत.

"काळी पट्टी लावा," मी म्हणालो.

चाचांनी कोपर टेकवून दोनदा मापलं, पट्टी कापली, जिभेनं ओली केली, पात्यानं खरवडली आणि उग्र वासाच्या द्रावणानं जोडली. त्यांचा हात एकदाही थांबला नाही. मुंबईत मधूला काम करताना पाहिलं होतं. तोही असाच, श्वास धरून जोडायचा.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. कथा तर चाळणी झाली होती. बाप एका वाक्यात आजारी पडला आणि दुसऱ्यात त्याच्या फोटोला हार होता. कुणाची तक्रार नव्हती. गाणं लागलं तशी बाया-बापे सरसावून बसले आणि टाळी धरली. डोंगर आला, सोळा जणी आल्या, लुगडं बदललं. मग पडदा काळा झाला आणि आवाज बंद पडला.

ती ओळ लोकांनी म्हटली. पहिला शब्द बायकांच्या बाजूनं, बाकीचे सगळ्या तंबूनं. अंधारात, तालात, अर्धे बेसूर. शेवटचं अक्षर त्यांच्या तोंडून सुटलं आणि पडद्यावर नटी आली, ओठ अगदी जुळलेले. मधूनं तिला जिथे आणून ठेवलं होतं तिथेच ती आली. मी टाळी वाजवत होतो, हे मला नंतर कळलं.

निघताना चाचांनी ती दोन हात पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली.

पुण्याला पोचलो तेव्हा आई अंगणात होती. तिनं प्रवासाचं काही विचारलं नाही. "दिसला का त्याचा जोड?" एवढंच म्हणाली. पडद्यावर नाही दिसला, मी म्हणालो, आणि पट्टी तिच्यापुढे उजेडात धरली. छापील पट्टीवर जोड तसा दिसत नाही. नटीचं शेवटचं चित्र आणि पहिला बगळा यांच्या मध्ये एक बारीक काळी रेघ असते, दर दोन चित्रांत असते तशीच. मी ती दाखवली. आईनं चष्मा लावला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. बराच वेळ तिनं ते उचललं नाही.