खलबत्त्यासकट वजन

जन्मभर मी जाडीच होते. डोंबिवलीत शेअर रिक्षात मी पाय ठेवला की आधी बसलेले दोघे न सांगता सरकायचे. नवरा गेला आणि तीन वर्षांत पंधरा-सोळा किलो उतरले. मी काही केलं नव्हतं. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा, एवढंच. सकाळी चहा-खारी, रात्री दूध-पोहे, मध्ये जे हाताला लागेल ते. सोसायटीतल्या बायका जिन्यात थांबवून विचारायच्या, काय करतेस गं, किती छान दिसतेस. चालते रोज, असं मी ठोकून द्यायचे. खरं सांगते, मला ते आवडायचं. काही दिवस तर माझ्याशी तेवढंच बोललं जायचं.

मग बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळले, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी हाडांच्या तपासणीला ठाण्याला पाठवलं. हाडं विरळ झाली होती. त्यांनी शांतपणे समजावलं, की पाळी गेल्यावर हाडं झिजतातच, त्यात अंगावर वजन नसलं तर जास्त. शरीराचा भार पेलत राहिलं की हाडं घट्ट राहतात, आणि पाळीनंतर हाडांना लागणारं संप्रेरक थोडंफार चरबीतच तयार होतं. फार जाड होऊ नका, पण हे उतरणं थांबवा, असं त्यांचं म्हणणं. मला हसू आलं. जिला मी जन्मभर नावं ठेवली, ती चरबी बिचारी कामाला लागलेली होती.

बेंगळुरूच्या मुलीने हे ऐकून फर्मान काढलं. गोळ्या, डाळी, अंडी, आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर वजन. पंचेचाळीसच्या खाली गेलीस तर घराला कुलूप आणि तू इकडे. मला जायचं नव्हतं. तिथे ती आणि जावई दिवसभर लॅपटॉपसमोर, आणि मी चौदाव्या मजल्यावर खाली बघत बसणार. इथे निदान भाजीवाली विचारते, काल का आला नाहीत ते.

पण एकटीने ताटावर बसलं की घास तोंडातच फिरतो. तिसऱ्या रविवारी काटा चव्वेचाळीसवर आला. मी गाऊनच्या खिशात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता टाकला आणि उभी राहिले. पंचेचाळीसच्या वर गेले. फोन पायांकडे धरायचा असल्याने तिला आकड्याखेरीज काही दिसत नव्हतंच. पुढे बत्ता पुरेना, तेव्हा खलही शालीआड काखेत धरला. असे दोन महिने काढले.

एका रविवारी घाईत, कमी पडू नये म्हणून, मी खल-बत्त्याबरोबर दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटलीही घेतली. काटा अठ्ठेचाळीस. एका आठवड्यात दोन किलो. कोणाच्याही लक्षात यावं असं होतं ते. वर काखेतला खल घसरून खिशातल्या बत्त्यावर ठणकन आपटला. तिने विचारलं, कसला आवाज? मी म्हटलं, वरच्यांकडे काम चाललंय.

"मस्त, आई. मनावर घेतलं की होतं बघ," ती म्हणाली. तिच्याकडे पाहुणे यायचे होते. तिने फोन ठेवला.

मी सुटले होते. तरी तिथेच उभी राहिले आणि मला रडू आलं. घर सोडायचं नव्हतं हे खरं, पण तिने मला पकडावं असंही वाटत होतं. दोन महिन्यांत तिने एकदाही माझं तोंड नीट पाहिलं नव्हतं. मीही दाखवलं नव्हतं.

सगळं ओट्यावर ठेवलं, पुन्हा काट्यावर चढले आणि तिला फोन लावला. या वेळी फोन समोर धरला.

"काय गं, काय राहिलं?" ती कांदा चिरत होती.

"बेचाळीस," मी म्हटलं.

"काय बेचाळीस?"

"मी."

तिने सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.