ओल्या लाकडांवरच्या चिठ्ठ्या

काकूंनी ते बोलायला नको होतं. निदान त्या दिवशी तरी, आणि निदान कंपाउंडरांच्या देखत तरी. पण काकूंच्या मनात येणं आणि तोंडावाटे बाहेर पडणं यांत फारसा वेळ कधीच जात नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

झालं असं, की भर दुपारी वादळ आलं, अर्धा तास धिंगाणा घातला आणि जाता जाता त्यांच्या खिडकीसमोरचा शिरीष मुळासकट आडवा करून गेलं. नशीब एवढंच, की घरावर न पडता तो कुंपणाची भिंत मोडून गल्लीत पडला. कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. वारा थांबला, ऊन पडलं, तसे दोघं नवराबायको दारात आले. कंपाउंडर झाडाकडे बघत नुसते उभे. काकू मात्र मागे वळून खोलीत बघत होत्या. त्यांच्या शिवणयंत्रावर ऊन आलं होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"बरं झालं बाई!" काकू म्हणाल्या. "सुटले एकदाची!"

कंपाउंडरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंडाला कुलूप घातलं.

आता काकूंचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. त्या खिडकीपाशी बसून त्यांनी अख्खं आयुष्य शिवण शिवलं. शाळेचे गणवेश, पडदे, अभ्रे, लोकांच्या पोटानुसार सैल करायच्या विजारी. आणि हे सगळं भर दिवसा दिवा लावून, कारण खिडकीत शिरीष ठाण मांडून बसलेला. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा म्हणजे देवच आठवायचा. "या झाडानं माझे डोळे खाल्ले," हे वाक्य त्या महिन्यातून चारदा तरी म्हणत, आणि दर वेळी चष्मा कपाळावर सरकवून म्हणत.

पण कंपाउंडरांचंही ऐकायला हवं. दवाखान्यात चाळीस वर्षं बाटल्या भरून रिटायर झालेला माणूस. हे रोप त्यांना दवाखान्याच्या मागच्या अंगणात, भिंतीच्या फटीत सापडलं होतं. पावडरीच्या रिकाम्या डब्यात घालून सायकलला अडकवून घरी आणलं. पुढे डॉक्टर गेले, दवाखाना बंद पडला, मुलगी सासरी गेली. झाड तेवढं राहिलं. काकूंनी फार कटकट केली, की कंपाउंडर शिडी लावून वर चढायचे आणि बोटाएवढ्या दोन डहाळ्या कापून खाली यायचे. "घे, झाला उजेड!" म्हणायचे. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या.

तर असा हा अबोला. यापूर्वीही झाले होते, नाही असं नाही, पण कोणताच दुसऱ्या दिवशीच्या चहापुढे टिकला नव्हता. या वेळी चहा नुसताच निवत गेला.

दुसऱ्या दिवशी करवतवाला आला. मशीनची करवत पाठीला, मेहुणा मागे, आणि मेहुण्याच्या मागे हातगाडी. आडवा गडी, आवाज असा, की करवत बंद असली तरी चालू वाटावी. ठरलं ते असं, की जाड ओंडके कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या भट्टीला जायचे, आणि फांद्या, डहाळ्या, जे काही मनगटाएवढं असेल ते घरच्या पाण्याच्या बंबासाठी अंगणात रचायचं.

"पण काकू, लगेच पेटवू नका हं," करवतवाल्यानं बजावलं. "ओलं आहे. नुसता धूर होईल, आणि शिव्या मला बसतील."

काकूंना कुठं काही करायचं होतं? अंगणाचा ताबा कंपाउंडरांनी घेतला होता. त्यांनी बंबाच्या तोंडाच्या मापाची एक काठी कापली आणि त्या मापानं प्रत्येक लाकूड तोडून घेतलं. मेहुणा म्हणाला, "काका, जाळायचीच आहेत ना?" कंपाउंडरांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो गुपचूप मापानं तोडू लागला. मग जाडीप्रमाणे ढीग लागले. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काकू बाहेर येऊन बघतात, तर प्रत्येक ढिगावर चिठ्ठी!

दवाखान्यात औषधाच्या बाटलीला डकवायचे ना, तसा कागद. एका कडेला डोसाच्या खुणांसाठी कात्रीनं खाचा पाडलेल्या. चाळीस वर्षांची सवय, हात ऐकतो थोडाच! त्यावर ते सुबक, तिरपं अक्षर: "बारीक. तीन महिने वाळवणे." पुढच्या ढिगावर: "मध्यम. सहा महिने." आणि दाराजवळच्या ढिगावर, खास कोणासाठी ते उघडच होतं: "हा ढीग ओला आहे. घाईच्या माणसांनी हात लावू नये."

काकूंचा पारा चढला. यंत्राच्या खणातून त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू काढला, आणि त्या ढिगातल्या सगळ्यांत वरच्या लाकडावर लिहिलं: "दिसतंय."

तिथून जे सुरू झालं ते बघायला बेकरीवाला दिवसातून तीन-तीनदा ओंडके मोजायच्या निमित्तानं येऊ लागला. चिठ्ठी म्हणायची: "दूध उतू गेले. वास इथपर्यंत आला." खडू म्हणायचा: "नाक शाबूत आहे म्हणायचं." चिठ्ठी: "माझा चष्मा?" खडू: "डोक्यावर." करवतवाल्याला वाचता येत होतं, मेहुण्याला चष्म्याशिवाय येत नव्हतं, म्हणून एक दुसऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि घरातल्या दोघांनाही ते ऐकू जायचं.

त्यात उलथन्याचं प्रकरण निघालं. फांद्या तोडता तोडता करवत खण्णकन् वाजली. बघतात तर बेचक्यात, सालीनं अर्धं गिळलेलं एक लोखंडी उलथनं. फार वर्षांपूर्वी कावळ्यांच्या कलकलाटाला कंटाळून काकूंनी ते खिडकीतून भिरकावलं होतं, आणि साफ विसरून गेल्या होत्या. उलथनं मिळेना, तेव्हा आळ आला तो चार दिवस राहून गेलेल्या नणंदेवर. पंधरा वर्षं आला. त्या संध्याकाळी ओट्यावर ते उलथनं घासूनपुसून ठेवलेलं, आणि दांड्याला चिठ्ठी: "सापडले. माझी बहीण निर्दोष."

काकू स्वयंपाकघरात एकट्याच हसल्या. हसल्या आणि मग त्यांना एकदम कसंतरीच झालं. हे हसणं पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ऐकवायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. चार दिवस झाले. एवढं लांबलं, की आधी कोण बोलणार यापेक्षा, आता परत बोलता येईल का, याचीच त्यांना धास्ती वाटायला लागली.

आणि उजेड? उजेडाचंही काही खरं नव्हतं. खोलीत ऊन आलं तशी भिंतीवरची कोळिष्टकं दिसली, पडद्यांचे विटलेले रंग दिसले, आरशात स्वतःचा चेहरा नको इतका दिसला. दुपारी यंत्राचं चाक हाताला चटका देऊ लागलं. काकूंनी खिडकीला चादर बांधली. बांधताना इकडेतिकडे पाहून घेतलं, कोणी बघत नाही ना!

त्याच दिवशी करवतवाल्यानं विचारलं, "काकू, बुंध्याचं काय करायचं?"

गल्लीतला भाग मोकळा झाला होता. उरला होता अंगणातला आडवा बुंधा, आणि त्याच्या टोकाला मुळांचा गड्डा, मातीसकट उभा, माणसापेक्षा उंच. त्याच्याखाली हा मोठा खड्डा.

"एका अंगाची मुळं अजून जमिनीत आहेत," तो म्हणाला. "बुंधा मुळाजवळ आखूड कापला, की वजन सुटतं आणि गड्डा आपसूक मागं फिरून जागेवर बसतो. कधी कधी त्याला पालवीही फुटते. काढूनच टाकायचा असेल, तर दोन हात बुंधा ठेवतो, ओढून काढायला बरा. तुम्ही म्हणाल तसं."

"आपसूक जागेवर बसतो?" काकू म्हणाल्या. "मला काय खुळी समजतोस का रे?"

"शप्पथ. म्हणून तर कापायच्या आधी मी हजेरी घेतो. खड्ड्यात कोणी असलं तर संपलंच."

काकूंनी खडूनं एका लाकडावर लिहिलं: "बुंधा ठेवायचा की काढायचा?" उत्तर तासाभरात आलं. या वेळी चिठ्ठीला खाचासुद्धा नव्हत्या. "ज्यांना उजेड हवा त्यांनी ठरवावे."

वाचलं आणि काकूंचं डोकं सणकलं. इतकं विचारलं, तरी हे उत्तर! "काढ," त्या करवतवाल्याला म्हणाल्या. "मुळासकट काढ."

पाचव्या दिवशी सकाळी करवतवाल्यानं दोन हात मापून बुंध्यावर खूण केली. करवत सुरू केली, भुर्रकन फिरवून बघितली, बंद केली.

"हजेरी!" तो ओरडला. "ओ द्या सगळ्यांनी! मेहुणे?"

"ओ!"

"बेकरीवाले?"

"ओ, ओ. इकडे गल्लीत आहे."

"काकू?"

"ही बघ की, समोर उभी आहे."

"ओ म्हणा."

"ओ!"

"काका?"

काही नाही. "कंपाउंडरकाका!" पुन्हा काही नाही. बेकरीवाल्यानं हाक मारली, मेहुण्यानं मारली. काकूंना वाटलं, आहे झालं, रुसून बसले असतील आत. त्या घरात जाऊन आल्या. आत नव्हते. न्हाणीत नव्हते. करवतवाल्यानं करवत खाली ठेवली. "ओ आल्याशिवाय मी हात लावणार नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात काकूंना चपला दिसल्या. खड्ड्याच्या काठाशी, गड्ड्याच्या पलीकडच्या अंगाला, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या.

मघाशीच तर करवत सुरू होऊन बंद झाली होती! त्यानं विचारलं नसतं तर? घाईघाईत एखाद्यानं विचारलं नसतं तर?

"अहो!"

पाच दिवसांचं सगळं त्या एका हाकेत होतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाची खिडकी उघडली म्हणतात.

"काय गं?" खड्ड्यातून आवाज आला. अगदी रोजच्यासारखा.

"आधी वर या! वर या म्हणते ना!"

कंपाउंडर वर आले. गुडघ्यापर्यंत माती, एका हातात छोटी करवत, दुसऱ्या हातात दवाखान्यातली कात्री. डावा कान त्यांचा जरा अधूच, त्यात चहूबाजूंनी माती, कोणाचीच हाक पोचली नव्हती. ही एक सोडून.

"जीव द्यायला गेला होता का?" काकू ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "तो गड्डा मागं येतो, माहीत नाही? सगळी गल्ली घसा फोडतेय! काय करत होता काय तिथं?"

"मला कुठं कोण काय सांगतंय," कंपाउंडर म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "मुळं फार वेडीवाकडी तुटली होती. साफ कापली. वरून ओली माती लावली."

"अहो, पण ते काढायचं ठरलंय ना?"

"ठरलंय की. म्हटलं, जाताना तरी जखमा उघड्या नकोत."

काकूंनी पदरानं चष्मा पुसला, लावला, काढला, पुन्हा पुसला. मग खडू काढून बुंध्याशी गेल्या, करवतवाल्याची खूण तळव्यानं खसाखसा पुसली आणि मुळापासून वीतभर अंतरावर नवी रेघ मारली. कापडावर मारतात तशी, एका झटक्यात.

"इथं काप," त्या म्हणाल्या. "आणि आधी हजेरी घे. पहिलं नाव यांचं."

"ओ," कंपाउंडर न विचारताच म्हणाले.

करवत आत गेली, भुसा उडाला, बुंधा खाली बसला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मुळांच्या त्या गड्ड्यानं कूस बदलावी तसं केलं, आणि धप्पकन मागं जाऊन आपल्या खड्ड्यात बसला. अंगण हादरलं. "घ्या!" करवतवाला म्हणाला. काकूंनी कंपाउंडरांचं मनगट धरलं होतं, ते त्यांना नंतर कळलं. तोवर चहाची वेळ झाली होती, आणि त्या दिवशी चहा निवला नाही.

फुटवे आले. दोन महिन्यांतच आले, बोटभर, लालसर. खुंटावर चिठ्ठी डकवलेली आहे, खाचांसकट: "पाणी, रोज एक बादली." काकूंनी खिडकीच्या चौकटीवर खडूनं एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: "इथपर्यंतच. वर आलं तर मी स्वतः कापणार." कंपाउंडरांनी मान डोलावली.

बारीक लाकडाचा ढीग संपला, आता मध्यम चालू आहे. फुटवे रेघेला लागले, तेव्हा काकू खडू आणि ओलं फडकं घेऊन खिडकीशी गेल्या. रेघ पुसली आणि चार बोटं वर मारली. आजवर तीनदा मारली आहे.