चिपट्यांची साडेतीन घरं

हट्ट्याच्या शिवाराला लागून एक वाडी होती आणि त्या वाडीत उकंडराव चिपटे राहायचा. माणूस उंचीला बेताचा, पण रागाला ताडमाड. बैल चुकला तर बैलावर चिडायचा, आणि विहिरीचं पाणी उतरलं तर काठावर उभा राहून विहिरीला शिव्या द्यायचा. त्याची बायको शालूबाई म्हणायची, "आमच्या घरात आगपेटी लागत न्हाई. चूल यांच्यापाशी नेली की पेटती."

पण त्याचा खरा राग एकाच गोष्टीसाठी राखलेला होता. त्याच्या आडनावाला कुणी हसलं, की मग समोर सावकार असो नाहीतर पोलीस पाटील, उकंडराव धोतराचा सोगा खोचायचा.

आता हे आडनाव आलं कुठून, ते ऐका. चिपटं म्हणजे धान्य मोजायचं लहानसं माप, शेराचा चौथा हिस्सा. उकंडरावाच्या पणज्याच्या आईला मुलं जगत नव्हती. पाळण्यात घातलं की आठवड्याच्या आत जायचं. मग जुन्या बायांनी सांगितलं तसं तिनं केलं. पणजा जन्मला तसा त्याला सुपात घातला आणि उकिरड्यावर नेऊन ठेवला. मरणाला वाटावं, हे टाकून दिलेलं, नको असलेलं लेकरू आहे. असं लेकरू कुणीतरी उचलायचं, आईला मूठपसा धान्य द्यायचं, म्हणजे ते विकलं गेलं. त्याला दात आले की आईनं दुप्पट धान्य द्यायचं आणि आपलं लेकरू परत विकत घ्यायचं. अशी रीत. पोराचं नाव उकंडा, ते या उकिरड्यावरूनच, आणि पणज्याचंच नाव पुढं उकंडरावाला ठेवलेलं.

त्या दिवशी मेंढरं घेऊन चाललेली एक धनगरीण तिथून जात होती. तिनं पोर उचललं आणि आपल्यापाशी असलेल्या बाभळीच्या लाकडाच्या चिपट्यानं चिपटंभर ज्वारी मोजून दिली. सगळं रीतीप्रमाणं झालं. पण पुढं दुष्काळ पडला. पोराला दात आले तेव्हा घरात दोन चिपटी ज्वारी नव्हती. आई म्हणाली, रिकाम्या हातानं कशी जाऊ? आणि गेली नाही. पुढच्या साली ती आई पटकीनं गेली. पोर मेंढरांत वाढलं. मिसरूड फुटल्यावर धनगरिणीनं दिलेलं तेच चिपटं काखेत मारून ते गावात आलं, तर सख्खे चुलते म्हणाले, "तू विकलेला. तुला कुळ न्हाई, वाटा न्हाई."

गडी रडला नाही, चिडला. उकंडरावाचा राग इथून आलेला. गावाच्या कडेला झोपडं घातलं, पडीक रान फोडलं, आणि लोक चिपट्या म्हणायला लागले तर म्हणाला, म्हणा. त्याच्या लग्नात सोयऱ्यांनी देवक विचारलं. लग्नाआधी प्रत्येक कुळ आपलं देवक मांडवात बसवतं, कुणाचं झाडाची डहाळी, कुणाचं तलवार. यानं ते चिपटं ज्वारीनं शीग लावून, काठावर ढीग येईपर्यंत भरलं आणि मांडवात ठेवलं. तेव्हापासून चिपट्यांचं देवक चिपटं.

म्हणूनच दुसरीकडं कुठं हे आडनाव सापडत नव्हतं. उकंडरावानं शोध काय कमी केला! हिंगोलीचा बाजार, वसमतचा बाजार, परभणीकडचा बैलबाजार, जाईल तिथं विचारायचा, "तुमच्याकडं कुनी चिपटे हायत का?" लोक म्हणायचे, "दोन हायत, पन एक फुटकं हाय. चालतंय का?" मग भांडण.

सगळ्या मुलखात चिपट्यांची घरं साडेतीन. एक उकंडरावाचं. दुसरं थोरला चुलतभाऊ किसनराव याचं. तिसरं रखमाजीचं, त्याला मूलबाळ नाही. आणि अर्धं सखुआत्याचं. ती उकंडरावाची आत्या, लग्न होऊन गेलेली, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. सासरचं आडनाव सांगायचं की माहेरचं, हे तिचं तिलाच ठरवता आलं नव्हतं, म्हणून गावानं तिला अर्धं घर दिलं. देवकाचं चिपटं तिच्या घरातल्या देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात असायचं. लेकी चिपट्यांना उदंड. त्या गावोगाव दिलेल्या, आणि सासरी जाताना नाव उंबऱ्याच्या आत ठेवून गेलेल्या. रक्त सगळ्या तालुक्यात, नाव तेवढं वाडीत.

त्या वाडीत उकंडरावाचा ज्ञानबा लग्नाला आला होता.

एकेचाळीस साल उजाडलं. निजाम सरकारची मर्दुमशुमारी होती, घरोघर माणसं मोजायला कारकून येणार होता. आता हे आडनाव कायमचं कागदावर चढणार, म्हणून किसनराव तेव्हाच बेचैन झाला. मागच्याच महिन्यात हिंगोलीला पुनमचंद अडत्याच्या दुकानी त्यानं नाव सांगितलं, तर पुनमचंद हमालांकडं बघून म्हणाला, "चिपटे आले रे! शेरे आन् पायले मागून येऊन राहिले का?" हमाल खो खो हसले. उकंडराव असता तर तागडी मोडली असती. किसनराव नुसता लाल झाला आणि घरी येईपर्यंत त्यानं एक बेत ठरवला.

माघात रूपसिंग भाट आला. हा दरसाल तट्टावर बसून यायचा आणि घराघरांची वंशावळ तालासुरात म्हणायचा. किसनरावानं त्याला पुरणपोळी घातली, वर वाटीभर तूप वाढलं आणि म्हणाला, "ठाकूर, आमी मूळचे कोन, ते जरा नीट आठवा." रूपसिंगानं दुसऱ्या पोळीला चिपट्यांना मोहिते करून पाहिलं, पण मोहित्यांच्या वंशावळीचे छंद त्याला अर्धेच यायचे. जाधवांचे तोंडपाठ. म्हणून संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं, वाडी गोळा करून, त्यानं खड्या आवाजात सांगितलं, की चिपटे हे मूळचे जाधव, कुणा सरदाराच्या फौजेतून इकडं आलेले. खूश होऊन किसनराव सखुआत्याच्या देवळीकडं गेला. म्हातारी शेतात होती. त्यानं ते चिपटं उचललं, ज्वारी भरली आणि मापासकट भाटाला दान देऊन टाकलं. पीडा गेली म्हणाला.

आणि उकंडराव कुठं होता? तर नरसीकडं, ज्ञानबाची सोयरीक जमवायला. त्याच दिवशी तिकडं सुपारी फुटली. मुलगी भागा, कामाला वाघीण. तिचा बाप उत्तमराव मोठा सरळ माणूस. उकंडराव आयुष्यात क्वचित हसला असेल, त्या दिवशी हसत गावाकडं निघाला.

वेशीत रखमाजी भेटला. "राम राम, जाधवराव!"

"कोन जाधव?"

"तुमी. मी बी. परवापासून."

उकंडराव घरी गेलाच नाही. तसाच किसनरावाच्या ओसरीवर चढला.

"दादा, काय करून बसला रे?"

"बस, पानी पी. कुळ मिळालं आपल्याला. किती दिवस उकिरडा मिरवायचा?"

"उकिरड्यावर ठिवला म्हणून जगला आपला पणजा! त्या सरदारानं काय केलं तुझ्यासाठी? नाक पुसलं?"

"लोक हसतेत, उकंडा."

"तर तू बी त्यांच्यात बसून हसला! आन् शाण्णव कुळं पडली होती, त्यातून तुला जाधवच कसे दिसले रे? पोराची सोयरीक जाधवाच्या घरी जमवून आलोय मी!"

किसनराव पाण्याचा तांब्या पुढं करत होता, तो त्यानं खाली ठेवला. जाधवानं जाधवाची लेक करायची नसते, ती बहीण लागते, हे वाडीतल्या कोंबड्यालाही ठाऊक होतं. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मला वाटलं, तू देशमुखाकडं गेलास," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

उकंडरावानं तो तांब्या घेतला आणि अंगणात असा फेकला, की कुत्रं तीन दिवस त्या बाजूला फिरकलं नाही.

भाटाची बातमी तट्टापेक्षा जोरात धावते. आठवडा झाला नसेल, उत्तमराव छकड्यातून हजर. बिचारा चहाही घेईना.

"पाव्हणं, वाईट वाटतंय. पन तुमी बी जाधव, आमी बी जाधव. लेकीला भावाच्या गळ्यात कशी बांधू?"

"मी चिपटे हाय! माझा बाप चिपटे, आजा चिपटे!"

"मला मान्य हाय हो. पन भाटानं देवळापुढं जोडलंय, ते मी ओसरीवर कसं तोडू? त्यानंच देवळापुढं तोडावं. आन् मांडवात तुमचं देवक दिसावं. अक्षय तृतीयेपातूर थांबतो. पुढं पोरीला घरात ठिवता येनार न्हाई, तिकडं दुसरं ठिकान विचारून राहिले."

पाहुणा गेला आणि उकंडराव देवळीकडं धावला. देवळी रिकामी. सखुआत्या तिथं कपाळाला हात लावून बसलेली.

"किसन्यानं भाटाला दिलं," ती म्हणाली. "मेल्याच्या हाताला किडे पडले न्हाईत. जा, घेऊन ये. आन् थांब." तिनं कणगीतली ज्वारी त्याच्या उपरण्याच्या टोकाला बांधली. चांगली भरपूर. "एकदा रिकाम्या हातानं कसं जायचं म्हनून कुनी गेलं न्हाई, म्हनून आपन चिपटे झालो. तू भरल्या हातानं जा."

उकंडराव रागारागानं भाटाच्या मागावर वसमतपर्यंत चालला आणि तिथून गाडीत बसला. हिंगोलीच्या स्टेशनाबाहेर लिंबाखाली रूपसिंगाचं बिऱ्हाड सापडलं. तट्टू दाव्याला होतं, आणि रूपसिंग त्याला हरभरा घालत होता. चिपट्यानं मोजून.

उकंडरावाचे कान गरम झाले. "आरं, देवक हाय ते माझं! घोड्याच्या तोंडाला लावून राहिला?"

"दान है भाऊ," रूपसिंग थंडपणे म्हणाला. "किसनराव जाधवनी दिलं."

"पुन्हा जाधव म्हनशील तर तुझ्या तट्टासकट तुला डोहात नेईन."

"हे बघा, चिल्लावू नका. जनावर बिचकतंय. मला तुमची उकिरड्याची गोष्ट येते. माझा आजा लई रंगवून सांगायचा. पन ती सांगितली, की पुरणपोळी मिळत न्हाई."

"म्हंजे पोळीसाठी माझ्या पोराला बायको देईनास?"

"मी ज्याचं खातो त्याचं गातो. हा धंदा हाय."

"तर माझं खा! आन् ते माप इकडं आन!"

रूपसिंगानं चिपटं छातीशी धरलं. "दान परत मागत न्हाईत. पाप लागतं. विकत घ्या."

उकंडरावानं मूठ वळलेली होती. ती तशीच राहिली. उपरण्याच्या टोकाला ज्वारी लोंबत होती. त्यानं खाली बसून गाठ सोडली, भाटाच्या हातातून माप ओढलं, आतला हरभरा तट्टापुढं झटकला आणि ज्वारी भरली. एक चिपटं ओतलं. दुसरं भरलं, शीग लावली, तेही ओतलं. रूपसिंगानं ज्वारी झोळीत भरली. गोष्ट येत असल्यामुळं दोन चिपट्यांचा अर्थ त्याला लागला होता.

"आता उठ," उकंडराव म्हणाला, "तट्टू सोड."

वाडीत सखुआत्यानं भाटाला ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. तुपाचं नावही काढलं नाही. रूपसिंगानं निमूट खाल्लं. दुसऱ्या संध्याकाळी, निरोप धाडून आणलेल्या उत्तमरावाला देवळापुढं बसवून, त्यानं उकिरड्याची गोष्ट सांगितली, धनगरिणीसकट, दुष्काळासकट. आणि खरं सांगायचं, तर जाधवांच्या छंदांपेक्षा ती चांगली जमली. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. "चिपटे ते चिपटेच," त्यानं शेवटी म्हटलं. उत्तमराव उठून उकंडरावाला भेटला. अक्षय तृतीयेच्या आत भागा वाडीत नांदायला आली, आणि मांडवात चिपटं शीग लावून बसलं.

किसनराव मात्र लग्नाला आला नाही. कारकुनालाही त्यानं ठासून जाधव सांगितलं होतं. "आपन अडीच घरं राहिलो," उकंडराव सात वर्षं ज्याला त्याला ओरडून सांगत होता. मध्ये ज्ञानबाला दोन पोरं झाली तरी त्याचा हिशेब अडीचवरच अडलेला.

इकडं किसनरावाचा मुलगा लग्नाचा राहून गेला. खरे जाधव विचारायचे, "कुठले जाधव?" बाकीचे विचारायचे, "देवक काय?" किसनराव कधी डहाळी सांगायचा, कधी तलवार. दोन ठिकाणी दोन उत्तरं गेली आणि लोकांनी ती ताडून बघितली.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात फौज आली, निजामाचं राज्य गेलं. रजाकारांच्या धाकानं रानात राहिलेली माणसं घरी परतली. मार्गशीर्षात मांडव पडायला लागले. तेव्हा एका सकाळी किसनराव उकंडरावाच्या दारात उभा राहिला, डोक्यावर गाठोडं घेऊन.

"उकंडा, पोराचं जमतंय. देवक पायजे."

"जाधवांचं मागा ना जाऊन."

"दोन चिपटी आनलीत."

उकंडरावाचा राग नुसता बघण्यासारखा होता. सात वर्षांचं जे काय साचलं होतं ते सगळं बाहेर आलं, पुरणपोळी, सरदार, तट्टाच्या तोंडचा हरभरा, सगळं. किसनरावानं गाठोडं उतरून ओसरीवर ठेवलं. ओरडा ऐकून सखुआत्या आपल्या देवळीतलं चिपटं घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये ठेवून गेली.

किसनरावानं ज्वारी भरली. काठाशी आल्यावर त्यानं तळहातानं माप सपाट केलं.

"शीग लाव," उकंडराव गुरकावला.

किसनरावानं शीग लावली. एक ओतलं, दुसरं भरलं, तेही शीग लावून. दाणे ओसरीवर सांडले. ते टिपायला ज्ञानबाची पोरं धावली, तर उकंडराव त्यांच्यावरही खेकसला. मग आत तोंड करून ओरडला, "शालू, दादाला पानी दे! आन् तांब्यावर ध्यान ठिव, न्हाईतर त्यो बी ह्यो भाटाला देऊन टाकंल!"