गुणाजीच्या चपला

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत गुणाजी दाराशी आला की लोक त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. गावाकडून मरणाची तार गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोलीवर यायची आणि निरोप पोचवायचं काम याच्या गळ्यात. संपात गिरणी गेलेली, माणूस रिकामा, दुसरं कोण जाणार? चपला काढून आत शिरला, तर चहा टाकायचा. चपला घालूनच उंबऱ्याबाहेर उभा राहिला, तर कोणीतरी गेलं. तोंडातून चकार शब्द नाही. आतली बाई हंबरडा फोडायची आणि हा मान खाली घालून, पाणीही न पिता परत फिरायचा.

"तोंड शिवलंय का तुमचं? दोन शब्द बोलायला काय होतं?" त्याची बायको मालन करवादायची.

"काय बोलू गं?" एवढंच उत्तर.

एकदा तर कहरच झाला. भाची माणिकच्या लग्नाचं बोलावणं घेऊन गडी शेजारच्या शेवंतीकडे गेला. चपलेच्या तुटक्या पट्ट्याला पिन लावलेली, ती लेंग्यात अडकली. हा दारात एका पायावर उभा राहून ओढतोय, आणि शेवंतीनं धाय मोकलून रडायला सुरुवातही केली! सासऱ्याच्या नावानं! तो बिचारा गावी ठणठणीत होता. मालन हे सांगून सांगून हसायची.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात त्यांच्या एकुलत्या एका पोराला, चंद्रप्रकाशला कावीळ झाली. हॉस्पिटलात पोराच्या उशाशी गुणाजी थांबला. सकाळी मालननं पेजेचा डबा भरला, आता निघणार, तोच नवरा चढण चढून येताना दिसला. नळावरच्या बायका त्याच्या पायांकडे बघू लागल्या. शेवंतीनं कळशी खाली ठेवली. मेल्या बघतायत काय अशा? मालनला त्यांचा भयंकर संताप आला.

गुणाजी दाराशी येऊन उभा राहिला. चपला पायातच.

"या ना आत," मालन म्हणाली. "पेज झालीय. पोरगं उपाशी असेल."

तो हलला नाही.

"पिन अडकली असेल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "जळली मेली ती पिन! किती वेळा सांगितलं, नवीन घ्या म्हणून."

ती खाली बसली, त्याचा पाय धरला. पिन कशातच अडकली नव्हती. चप्पल सहज निघून हातात आली. तिनं दुसरीही काढली, दोन्ही नीट जोडून भिंतीशी ठेवल्या आणि त्याचा हात धरून ओढला.

"काढल्या बघा. आता या आत."

गुणाजी अनवाणी, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.