चव पाहणारे आधारनाना

उन्हाळा लागला की बोदवडच्या त्या गल्लीत आधारनानांच्या जिभेला उसंत नसे. एरवी एसटीतून रिटायर झालेल्या माणसाला कोण विचारतं? पण बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, घाटा चुलीवर रटरटू लागला, की मीठ बरोबर पडलं का, हे सांगायला नानाच हवेत. ओल्या घाट्यात बेताचं वाटणारं मीठ बिबडे वाळल्यावर जीभ सोलतं. हा अंदाज गल्लीत एकट्या नानांना.

या कौतुकापायी त्यांच्या बायकोचा, द्रौपदाबाईंचा, जीव मेटाकुटीला आला होता. नानांचं प्रेशर चढलेलं. मीठ कमी करा, पापड-लोणची बंद करा, नाहीतर किडन्या जातील किंवा मेंदूवर येईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नानांचे थोरले भाऊ तोताराम तसेच लकवा होऊन खाटेला खिळलेले. द्रौपदाबाईंनी लोणच्याची बरणी माहेरी धाडली. नवऱ्याला एकट्याला अळणी वाढणं बरं दिसेना, म्हणून स्वतःही महिनोन्‌महिने तेच गिळलं. तरी प्रेशर उतरायचं नाव घेईना. डॉक्टर त्यांच्याकडेच अशा संशयाने बघत, की जणू त्या नवऱ्याला चोरून मीठ चारताहेत.

एका सकाळी त्या चाळणी मागायला शेजारच्या रत्नाच्या गच्चीवर गेल्या. बघतात तो नाना मांडी घालून बसलेले. पुढ्यात कटोराभर घाटा, त्यावर तेलाची धार, आणि शेजारी गेल्या वर्षीचे भाजलेले बिबडे. तुलनेला लागतात म्हणे.

रत्ना गडबडली. नाना ढिम्म.

"डॉक्टरनं जेवणातलं मीठ बंद करेल आहे," ते म्हणाले. "मी जेवतो कुठं? मी चव पाहू राह्यलो."

सकाळपासून किती घरी चव पाहिली, तेही त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं. कुणाचं मन मोडू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी कटोरा चाटूनपुसून. इथं मात्र चिमूटभर मीठ कमी पडलंय, असं त्यांचं मत होतं.

द्रौपदाबाईंनी बोटभर घाटा चाखला आणि तोंड वाकडं केलं. मिठाच्या पोत्यात जीभ घातल्यासारखं झालं.

"भाऊजींची कूस वळवायला दोन माणसं लागतात," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर ती वेळ आली, तर ही बठ्ठीच्या बठ्ठी गल्ली येणार आहे का? मीच असेन. आणि माझे गुडघे गेलेत."

नानांनी कटोरा खाली ठेवला. चपला घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गच्चीवरून हाक आली, "नाना, चव पाहा ना."

नाना खाटेवरून हलले नाहीत. "द्रौपदाअक्काला न्या," म्हणाले. "तिची जीभ आता चांगली आहे."

द्रौपदाबाईंना भरून आलं. पदर खोचून त्या जिना चढू लागल्या, तोच खालून नानांचा आवाज आला, "आणि ऐक, तेल टाकून पाह्य. तेलाबिगर चव कळत नाही."

भरून आलेलं तिथंच आटलं. कपाळाला हात लावत त्या वर गेल्या आणि खारट लागलेल्या घाट्यात आणखी निम्मं बिनमिठाचं पीठ कालवून ओतायला लावलं.