लोटन भगताच्या बारागाड्या

माणूस मुका असला तरी चालेल, पण लोटनसारखा हट्टी नसावा. मी हे रागानं बोलतोय असं तुम्हाला वाटेल. तर हो, रागानंच बोलतोय. ज्याच्यासोबत नागव्यानं नदीत उड्या मारल्या, त्याच्यावर नाही रागवायचं तर काय कलेक्टरावर रागवायचं?

मी सुपडू मिस्तरी. आमचं गाव धरणगावाहून दोन कोस. जळगावच्या एका कापसाच्या जिनात बारा वर्षं रंधा मारला आणि गावी परत आलो, म्हणून माझ्या बोलण्यात शहर आणि खेडं दोन्ही घुसलंय. लोटन शेतकरी. तीन बिघे शेत, तेही चुलतभावांत सामाईक, त्यामुळे विकायची सोय नाही. दिवसभर त्याच्या तोंडात तंबाखूचा बार, त्यामुळे बोलायला जागाच नसायची. बायको तानुबाई म्हणायची, "यासनं लगीन मनासंगे नही, तंबाखूसंगे व्हयेल शे."

पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तो लोटन राहायचा नाही. त्या दिवशी तो खंडेरावाचा भगत. बारा बैलगाड्या एकीमागे एक दोरखंडांनी बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांवर माणसांनी उभं राहायचं आणि भगतानं कमरेच्या शेल्यात लोखंडी आकडा अडकवून पहिल्या गाडीच्या जुवाला लावायचा. मग गावाच्या वेशीपासून देवळापर्यंत त्या बाराही गाड्या एकट्यानं ओढायच्या. दोन बाजूंना दोन माणसं त्याचे खांदे धरून पळतात, त्यांना बगले म्हणतात. उजवा बगला मी. डावा त्याचा धाकटा भाऊ निंबा. आमच्याकडे पक्का समज आहे की जो गाडीवर उभा राहतो त्याची वर्षाची इडापिडा भगत ओढून देवाच्या पायाशी नेऊन टाकतो. पंधरा वर्षं लोटननं गाड्या ओढल्या, एकदाही अडल्या नाहीत. गाड्या जोडायचं काम माझं, तेव्हा वजन किती असतं ते मला विचारा. मी देवाधर्माचा माणूस नाही, तरी त्या वेळी माझ्याही अंगावर काटा यायचा.

सन चव्वेचाळीसचा फाल्गुन. होळीला त्यानं भाकरी खाल्ली नाही. मी म्हटलं, काय रे, वयनीशी भांडलास काय? तर म्हणे, "काही नही, तोंड येल शे." पंधरा दिवसांनी त्याचा गाल बाहेरून सुजलेला दिसला. वैदूचा लेप झाला, तुरटी झाली, कोणी तरी सांगितलेला पाला झाला. शेवटी मी त्याला शिव्या घालत जळगावला नेलं. डॉक्टरांनी बत्ती लावून तोंडात पाहिलं आणि लोटनला बाहेर बसवून मला आत घेतलं. हा कर्करोग आहे, म्हणाले. मुंबईला परळला इस्पितळ आहे, तिथं रेडियमचा उपाय करतात. महिना-दीड महिन्याच्या आत गेला तर आशा आहे. मग बोट उगारून म्हणाले, "आणि अंगाला जोर लागेल असं काही करायचं नाही. आत रक्त फुटलं तर थांबवणारं इथं कोणी नाही."

मी बाहेर येऊन त्याला सगळं सांगितलं. तीनशे रुपये तरी लागतील, तेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बैल इकू का?" बैल विकला तर तानुबाईनं खायचं काय? मी म्हटलं, गावात मागू, आसपासच्या गावांत मागू, तू पंधरा वर्षं त्यांच्यासाठी ओढलंस. तो एकदम उभा राहिला. "मनासाठे भीक नको मांगजो, सुपडू. भगतना हात देवाना शे, लेवाना नही." झालं! देणारा हात घेणारा व्हायचा नाही, घोडं तिथंच अडलं.

आठ दिवस मी त्याच्या ओट्यावर बसून भांडलो. एवढा गाल सुजलेला, दादर ज्वारीची पेज गाळून पितोय, रात्री ठणका लागला की उशी चावतोय, आणि तोरा बघा! शेवटी तोच म्हणाला, "मी यंदा गाड्या वढसू. मंग ज्याले देवानं शे तो दी." म्हणजे फुकटचं घेणार नाही, ओढून घेणार.

आणि मी मूर्ख, आनंदानं टाळी वाजवली.

लोकांनी पैसे द्यावेत एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी धरणगाव, पाळधी, एरंडोलपर्यंत पायपीट केली. बाजाराच्या दिवशी डफवाल्याला पुढं घालून ओरडलो: लोटन भगत आजारी आहे, तरी तो यंदा गाड्या ओढणार, ज्याला जमेल ते देवळातल्या परातीत टाका आणि गाडीवर उभे राहा. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं, गव्हासाठी रांगा लागायच्या. तरी लोकांनी दिलं हो. रुपचंद वाण्यानं तर परातीवर स्वतः बसून राखण केली. कापूस वेचणाऱ्या बायांनी पदराच्या गाठी सोडल्या. दुखण्यातला भगत ओढणार म्हणजे यंदा पुण्य दुप्पट, अशी हवा पसरली आणि माणसं वाढतच गेली.

आखाजीला चार दिवस राहिले तेव्हा मी गाड्यांच्या कण्यांना एरंडेल चोपडत बसलो होतो. तानुबाई आली. तिनं विचारलं, "भाऊ, कितला लोके येतीन?" मी फुशारकीनं आकडा सांगितला. ती म्हणाली, "आन हाई बठ्ठा गाडीवर चढतीन?"

माझ्या हातातलं एरंडेलाचं मडकं खाली पडलं. जितके पैसे जास्त तितकी माणसं जास्त. जितकी माणसं जास्त तितकं ओझं जास्त. आणि ते ओढणार कोण? ज्याला डॉक्टरांनी जोर करू नको म्हणून बजावलं होतं तो! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. चाळिशी उलटलेला मी माणूस, फळीचं माप डोळ्यांनी सांगणारा, मला एवढं साधं कळलं नाही? मी तिथंच बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तानुबाई रडली नाही. "त्यासले सांगू नका," म्हणाली, "तुमीच काहीतरी करा."

तरी मी लोटनला विचारून पाहिलं, यंदा निंबाला ओढू दे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच सोडला. निंबानं ओढल्या तर परातीतले पैसे भीकच की.

मग मी आदल्या दिवशी चावडीवर माणसं गोळा केली. सरळ सांगितलं: पैसे दिलेत, देव तुमचं भलं करो, पण गाडीवर चढू नका. दर गाडीवर दोन माणसं नावाला उभी राहतील, बाकीच्यांनी खालून चाला. लोटनला कळू द्यायचं नाही. लोक कुरकुरले. पैसेही द्यायचे आणि इडापिडाही घरीच ठेवायची? पण लोटनवर माया होती. एकेकानं हातात भंडारा घेऊन खंडेरावाची शपथ घेतली. नाही चढणार.

एकच माणूस उठला नाही. पुना. पाळधीचा, कोरडवाहू शेतीचा धनी. त्याची सहा वर्षांची पोर चैत्रापासून तापानं फणफणत होती, पायांच्या काड्या झाल्या होत्या. तो म्हणाला, "मी शपथ नही लेवाव. मी चढसू. पोरले लीसन चढसू."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लाज नाही वाटत, एक माणूस मरायला टेकलाय! तो तसाच बसून राहिला. "तुना दोस्तार तुले, मनी पोर माले," एवढंच म्हणाला. मी त्याला नाही नाही ते बोललो. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आखाजीचा दिवस. माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, घरोघर खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. लोटननं रसाचं बोट जिभेला लावलं आणि झोंबलं म्हणून वाटी सरकवली. ऊन कलल्यावर त्यानं अंघोळ केली, कपाळभर भंडारा लावला, पिवळा शेला कमरेला आवळला. वेशीवर बारा गाड्या उभ्या होत्या. त्यानं गाड्यांना प्रदक्षिणा घातल्या तेव्हा गाड्या रिकाम्याच होत्या. चढायचं ते प्रदक्षिणेनंतरच, म्हणून त्याला शंका आली नाही; कोणी जागाही धरत नव्हतं, मला बरं वाटलं. मग तो पुढं येऊन उभा राहिला, मी आकडा अडकवला. एकदा आकडा लागला की देऊळ येईपर्यंत भगतानं मागं वळून पाहायचं नसतं.

तो पाठमोरा झाला आणि लोक चढले.

एक चढला, दोन चढले, मग भिंत फुटल्यासारखे चढले. शपथ घेतलेले चढले! रुपचंद वाणी चढला! मी दात ओठ खाऊन हातानं खुणा करतोय आणि ते माझ्याकडे न बघता जागा धरतायत. नंतर एकेकाला विचारलं तर प्रत्येक जण हेच म्हणाला, बाकीचे चढणारच नव्हते, माझ्या एकट्यानं काय फरक पडतो? मेल्यांनो, असे तीनशे एकटे! पंधरा वर्षांत गाड्या इतक्या भरल्या नव्हत्या.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" लोटन पुढं झेपावला. दोरखंड ताणले, जू कुरकुरलं. गाड्या हलल्या नाहीत.

भगताला तीन झेपा. तिसरीत हलल्या नाहीत तर गाड्या अडल्या म्हणायच्या, भगताचं पाप निघालं म्हणायचं. त्यानं दुसरी झेप घेतली. चाक वीतभर सरकलं आणि थांबलं. त्याच्या तोंडातून रक्ताची धार हनुवटीवर आली आणि पिवळ्या शेल्यावर पडली. झांजा बंद झाल्या. मागून कुजबुज सुरू झाली, अडल्या, अडल्या.

मी मागं वळलो आणि बोंबललो, "उतरा! खाली उतरा रे मुडद्यांनो!" कोणी हललं नाही. का हलत नव्हते तेही सांगतो. चढल्यावर अर्ध्यात जो उतरतो त्याची पिडा दुप्पट होऊन त्याच्यावर बसते, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. सगळे एकमेकांकडे पाहत होते. लोटन कमरेत वाकून तिसऱ्या झेपेसाठी श्वास घेत होता, माझं ओरडणं त्याच्या कानात शिरतच नव्हतं, आणि त्या श्वासाचा आवाज मला आवडला नाही.

तेव्हा पहिल्या गाडीवरून एक माणूस खाली उतरला. पुना. पोर खांद्यावर, तिची मान त्याच्या मानेवर टेकलेली. तो कोणाशी बोलला नाही, गाडीच्या बाजूला उभा राहिला आणि जमिनीकडे बघू लागला. त्याच्या मागच्या म्हाताऱ्यानं एक पाय खाली सोडला. मग रुपचंद उतरला. मग सगळे, पटापट, एकही शब्द न बोलता.

लोटननं तिसरी झेप घेतली आणि बाराही गाड्या खडखडत सुटल्या. आम्ही बगले फरपटत गेलो. बाया रडत होत्या, लोक गाड्यांच्या मागे पळत होते. देवळाच्या पायरीशी त्यानं आकडा काढला आणि मागं पाहिलं.

रिकाम्या गाड्या.

त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तोंडातलं रक्त थुंकून तो म्हणाला, "हाई कोनी करं?" मी म्हटलं, मी केलं. मारायचं तर मार. त्यानं मारलं नाही. परातीकडे बोट केलं. "रिकाम्या गाड्या वढ्या मी. आते हाऊ पैसा भीकना शे. ज्याना त्याले दी टाका." आणि पायरीवर बसला. तानुबाईनं त्याचे पाय धरले, निंबानं हात जोडले. मी तर रडत रडत शिव्याच देत होतो. तो दगड! मान हलवेना.

पुना गर्दीतून पुढं आला. पोरीला त्यानं खांद्यावरून काढलं आणि लोटनच्या समोर पायरीवर निजवलं. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते.

"भगत आबा," तो म्हणाला, "मी उतरनू. मनी पोरनी पिडा मनापाशीच राहिनी. दुप्पट व्हईसन राहिनी. तू आते मुंबईले नही गया, ते मी कसाले उतरनू?"

लोटननं त्या पोरीकडे पाहिलं. मग त्यानं कपाळावरचा भंडारा बोटावर घेतला आणि तिच्या कपाळाला लावला. त्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सुपडू, आगगाडी कितला वाजता शे?"

मी आधी परात उचलली. त्याचं मन पुन्हा फिरायच्या आत.

"पहाटे पाच वाजता," तानुबाई म्हणाली. ती वेळ तिनं किती दिवसांपासून पाठ करून ठेवली होती, देव जाणे.